तंबोरा ऐकायचा असेल तर कोणता हेडफोन?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीपासून सवाई गंधर्व महोत्सवापर्यंतच्या दिवसांत वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये हेडफोनच्या तुलना छापून येतात. बॅटरी किती तास, बेस किती दमदार, रंग कोणकोणते आणि शेवटी पाचपैकी तारे. ज्या पुण्यात हा महोत्सव १९५३ पासून भरतो आहे, जिथे ख्याल, नाट्यपदं आणि भावगीतं घरोघरी ऐकली जातात, तिथल्या वाचकाला या ताऱ्यांचा काडीचा उपयोग नाही. तुलना करणाऱ्याने तंबोरा लावून पाहिलेलाच नसतो. त्यातही ओपन-बॅक, म्हणजे कपाची मागची बाजू जाळीची असलेल्या हेडफोनबद्दल फार गैरसमज आहेत, म्हणून हे पत्र नेहमीपेक्षा लांबलं आहे. जागा द्यावी ही विनंती.

हेडफोनमधला पडदा थरथरतो तेव्हा जेवढा आवाज कानाकडे जातो तेवढाच पाठीमागेही जातो. बंद कपात हा मागचा आवाज प्लास्टिकच्या भिंतीवर आपटून पुन्हा पडद्यातून कानात शिरतो. गायकाच्या आवाजाला डब्यात तोंड घालून गायल्यासारखा जो घोगरेपणा येतो, त्याचं मोठं कारण हे. जाळी असली की मागचा आवाज बाहेर निघून जातो. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा पिवळ्या स्पंजाचा हेडफोन याच तत्त्वावर काढला आणि तेव्हापासून ही जात टिकून आहे. फायदा मोठा आहे, पण त्याची किंमत खर्जात मोजावी लागते. ७० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ७० कंपनांच्या, स्वराची लहर जवळजवळ पाच मीटर लांब असते. तेवढ्या लांब लहरीसाठी पडद्याची पुढची आणि मागची हवा एकच, त्यामुळे गादीच्या कडेने फट मिळाली की पुढचा दाब मागच्या ओढीत विरून जातो. म्हणून बहुतेक साध्या, म्हणजे शंकूच्या पडद्याच्या ओपन-बॅक हेडफोनचा आवाज ८० हर्ट्झच्या आसपासपासून खाली उतरत जातो.

आता तंबोऱ्याकडे येऊ. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झचा, जोडाच्या तारा त्यावरच आणि खर्जाची तार बरोबर निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झला. आकडा बघून कोणालाही वाटेल की ओपन-बॅकमध्ये खर्ज हरवणार. तसं होत नाही. खर्जाची तार आपल्याला तिच्या मूळ कंपनापेक्षा तिच्या स्वयंभू, म्हणजे त्याच तारेतून आपोआप उमटणाऱ्या वरच्या, स्वरांतून ऐकू येते. जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आणलेला झंकार, लागलेली असेल तर १३९, २०८, २७७ अशी चढती रांग उभी राहते आणि पाचव्या पायरीवर, ३४६ हर्ट्झच्या जवळ, तो स्वयंभू गंधार उमटतो ज्यासाठी मंडळी तास-तास तंबोरे जुळवत बसतात. त्याच्याही वर एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात जवारीची झळाळी असते. मूळ ६९ हर्ट्झ थोडे दबले तरी कान ही रांग ऐकून पाया स्वतःच जोडून घेतो. पण ही रांगच कुठे फुगली, कुठे खचली, तर तंबोरा तंबोरा राहत नाही. बेस फुगवलेल्या बंद हेडफोनवर तो फ्रिजच्या घरघरीसारखा वाजतो, गंधार झाकला जातो आणि गायकाचा सूर नेमका कशावर टेकला आहे ते कळत नाही. ख्याल ऐकणाऱ्यासाठी हेडफोनची पहिली परीक्षा हीच: कोणत्याही चांगल्या ध्वनिमुद्रणातलं, गाणं सुरू होण्याआधीचं तंबोऱ्याचं अर्धं मिनिट ऐकायचं आणि गंधार शोधायचा. ॲपमधला तंबोरा या कामाला घेऊ नये. त्यात बरेचदा एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत असतो.

या परीक्षेत आमच्या मते सगळ्यांत भरवशाचा हेडफोन म्हणजे १९९७ चा सेनहायझर एचडी ६००. जवळजवळ तीस वर्षं जुनी रचना, पण २०० ते ४,००० हर्ट्झ हा जो गळ्याचा आणि जवारीचा प्रदेश, तिथे हा फारसं काही घालत नाही आणि काढतही नाही. मुरकी, खटका, दोन स्वरांमधली मींड, श्वास घेतल्याचा आवाज, सगळं जागच्या जागी राहतं. २००३ चा एचडी ६५० त्याचाच भाऊ: डग्गा किंचित भरदार, वरचं टोक किंचित मऊ. दोन्ही ३०० ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप), दोन्हींचं वजन २६० ग्रॅमच्या आसपास, दोन्हींच्या केबल आणि गाद्या हाताने निघतात. उणीव एक. डग्ग्यावर मनगट दाबून घसरवलेला 'घे' खाली जातो तेव्हा त्याची छातीत जाणवणारी धडक इथे मिळत नाही. नाद कळतो, धक्का कळत नाही. नवा हेडफोन डोक्याला घट्टही बसतो. तो सैल करण्यासाठी पट्टी पूर्ण ओढून बाहेर आलेला पोलादी भाग हळूहळू, थोडा थोडा सरळ करावा. प्लास्टिकच्या भागावर जोर दिला तर तो तडकतो.

जुन्या नाट्यपदांसाठी या दोघांपैकी एचडी ६५०. १९२५ पूर्वीची ध्वनिमुद्रणं भोंग्यासमोर उभं राहून केलेली, त्यांत साधारण २५० ते २,५०० हर्ट्झच्या बाहेर फार थोडं सापडतं. मायक्रोफोन आल्यावर कक्षा वाढली, तरी लाखेच्या ७८ च्या तबकडीवर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर मुख्यतः खरखरच असते. ज्या हेडफोनचं वरचं टोक उचललेलं असतं तो गाण्याला काही देत नाही, फक्त खरखर मोठी करतो. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो या बाबतीत सगळ्यांत त्रासदायक: ८,००० हर्ट्झच्या आसपास त्याला ठळक उंचवटा आहे आणि मधला प्रदेश मागे पडलेला. त्यावर 'स' आणि 'श' कानात टोचतात, सतारीचा झाला काचा फुटल्यासारखा लागतो. हा हेडफोन मजबूत आहे, गाद्या मखमली आहेत, किंमत तुलनेने कमी, म्हणून पुष्कळ जण तो घेतात आणि मग महिनाभरात कपाटात ठेवतात. घेतलेलाच असेल तर टाकू नका. विंडोजच्या संगणकावर इक्वलायझर एपीओ हे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारं मोफत साधन बसवा, ८,००० हर्ट्झवर क्यू, म्हणजे पट्ट्याची रुंदी ठरवणारा आकडा, २ ते ३ ठेवून ५-६ डेसिबल खाली आणा. हेडफोन माणसात येतो. त्याची केबल मात्र कायमची जोडलेली आणि गुंडाळीची असते, ती बदलता येत नाही.

जुनी ध्वनिमुद्रणं मोनो असतात, याचा एक उपयोग सांगतो. मोनो गाणं हेडफोनवर बरोबर डोक्याच्या मध्यभागी उभं राहिलं पाहिजे. गायक जरासा डावीकडे सरकलेला वाटला तर हेडफोन उलटा घालून पाहा. आता तो उजवीकडे गेला तर दोन ड्रायव्हर, म्हणजे पडद्यासह आवाज काढणारे भाग, सारखे नाहीत किंवा दोष आधीच्या यंत्रात आहे; दुसऱ्या यंत्रावरही तसंच झालं तर हेडफोन परत करा. डावीकडेच राहिला तर दोष तुमच्या कानात. आणि जागा दर वेळी बदलत असेल तर गादी नीट टेकत नाही, बहुधा चष्म्याच्या काडीमुळे. चष्मेवाल्यांनी चष्मा लावूनच ऐकून पाहावं. काडीने केलेली बारीकशी फट खर्जातले काही डेसिबल सहज खाते.

सतार, सरोद, संतूर ऐकणाऱ्यांना आघाताची धार हवी असते. इथे २०२० चा सेनहायझर एचडी ५६०एस विचारात घ्यावा. १२० ओहम, खालचा आवाज एचडी ६०० पेक्षा खोलवर जातो, वरचं टोक उजळ. गळ्याला तो थोडा कोरडा वाटतो, पण संतूरच्या कलमाचा ठोका आणि त्यामागची आस वेगवेगळी ऐकू येते. पाश्चात्त्य वाद्यवृंद, किंवा चित्रपटगीतांतले पन्नास-साठ व्हायोलिनचे ताफे हे मुख्य ऐकणं असेल तर एकेजीचा के ७०२: ६२ ओहम, खर्ज हलका, पण वाद्यं डावी-उजवी पसरून बसतात. सेनहायझरचा एचडी ८०० एस हे काम सगळ्यांत थाटात करतो, त्याची किंमतही तशीच आहे. पण एक तंबोरा, एक पेटी, एक तबला आणि समोर गायक अशा बैठकीला तो आम्ही सुचवणार नाही. गायक दिवाणखान्यातून उठून रंगमंदिराच्या शेवटच्या रांगेपलीकडे गेल्यासारखा वाटतो. ग्रेडोचे छोटे, कानावर टेकणारे हेडफोन गिटारच्या संगीतासाठी उत्तम. आपल्या संगीतासाठी फार तिखट.

ढोल-ताशा, लावणीची ढोलकी, हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांना वेगळा हेडफोन लागतो. ढोलाचा टोल खाली ६० हर्ट्झच्या परिसरात आणि ताशाची कडकड थेट वरच्या टोकाला. एचडी ६०० वर ताशा अंगावर येतो आणि ढोल लांब राहतो. इथे प्लेनर जात घ्यावी. तिचा पडदा शंकूसारखा नसतो, सपाट कागदासारखा ताणलेला असतो, त्यावर वाहकाची नक्षी आणि बाजूला चुंबकांच्या पट्ट्या. गादी नीट टेकली तर २०-३० हर्ट्झपर्यंत आवाज जवळजवळ सपाट जातो. हायफायमॅनचा एचई४००एसई हा यातला परवडणारा, सुंदारा हा त्याच्या वरचा. दोघेही पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास, तासाभरानंतर मानेला कळतं. घालताना-काढताना कप कानावर दाबू नये, आतला पडदा चुरचुरतो आणि वारंवार झालं तर सुरकुततो. चुंबक ताकदीचे असल्याने लोखंडाचा कीस जिथे उडतो अशा टेबलावर ठेवू नये. आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. मांडवात किंवा सभागृहात केलेल्या खासगी ध्वनिमुद्रणांत विजेची ५० आणि १०० हर्ट्झची घूं असते. प्लेनरवर ती पूर्ण ऐकू येते. एचडी ६५० वर ५० हर्ट्झची घूं बरीच दबते. जुन्या मैफिलींच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फायली हा ज्यांचा खजिना आहे त्यांनी हे लक्षात ठेवून निवडावं.

आता ओहमच्या बागुलबुवाबद्दल. '३०० ओहम म्हणजे मोठा ॲम्प हवाच' हे दुकानातलं ठरलेलं वाक्य. हिशेब करून पाहू. एचडी ६०० ची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेत तो किती मोठा वाजतो ते माप, एका मिलिवॉटला ९७ डेसिबल. त्याला एक व्होल्ट दिला तर साधारण ३.३ मिलिवॉट होतात, म्हणजे शिखराला १०२ डेसिबल. एचई४००एसई २५ ओहम आणि ९१ डेसिबलचा. त्याच एका व्होल्टला ४० मिलिवॉट, म्हणजे १०७ डेसिबल, पण त्यासाठी ४० मिलिअँपिअर प्रवाह लागतो, एचडी ६०० ला जेमतेम साडेतीन. म्हणजे एकाला व्होल्ट हवेत, दुसऱ्याला प्रवाह. फोनला लावायचं, एक व्होल्ट देणारं चांगलं डोंगल असेल तर शांत खोलीत ख्यालासाठी एचडी ६०० ला तेवढं पुरतं: ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात सरासरी आवाज शिखराच्या १५ ते २० डेसिबल खाली असतो, म्हणजे सरासरी ८२ ते ८७ पर्यंत जाता येतं, आणि त्याहून जास्त ऐकूही नये. अडचण येते ती जुन्या, हळू पातळीवर उतरवलेल्या फायलींना. तिथे दहा डेसिबल कमी पडतात आणि मग छोटा ॲम्प घ्यावा लागतो. ॲम्पचा स्वतःचा रोध हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून कमी असावा असा ठोकताळा आहे. व्हॉल्व्हच्या काही ॲम्पमध्ये तो शंभराच्या वर असतो. एचडी ६०० चा रोध ९०-१०० हर्ट्झला ३०० वरून ५०० च्या वर चढतो, त्यामुळे १२० ओहमच्या ॲम्पवर डग्गा साधारण एक डेसिबलने उचलला जातो. व्हॉल्व्हच्या आवाजात जी 'ऊब' लोकांना सापडते तिचा एक भाग हा आहे. आवडला तर जरूर ठेवावा. प्लेनरचा रोध सपाट असतो, त्याला याने फरक पडत नाही.

पुण्यात ओपन-बॅक घेण्याआधी खोली तपासणं हे हेडफोन तपासण्याइतकंच महत्त्वाचं आहे. जाळीतून आवाज बाहेर जातो तसा आतही येतो, अडवणूक जवळजवळ शून्य. बस आणि मेट्रोसाठी हे हेडफोन नाहीतच, शेजारच्या प्रवाशाला अख्खं गाणं ऐकू जातं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. रस्त्याकडेच्या फ्लॅटमध्ये रिक्षा, हॉर्न आणि मिक्सर मिळून ती कधीच ओलांडली जाते. अशा वेळी हात आपोआप आवाज वाढवतो आणि कानाचं नुकसान होतं ते इथे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकता येतं, ९० डेसिबलला फक्त ४ तास. दहा डेसिबलने वेळ दहा पटीने घटते. मागच्या बाजूची खोली, खिडकी बंद, पंखा एकवर, आणि वेळ रात्री दहानंतरची किंवा पहाटेची, हे जमत नसेल तर बंद पाठीचाच हेडफोन घ्या. ख्याल ऐकताना अजून एक चूक सर्रास होते. आलाप हळू असतो म्हणून आवाज वाढवायचा आणि द्रुत सुरू झाली, तबला भरला की तोच आवाज कानावर आदळतो. पातळी नेहमी द्रुत किंवा झाला लावून ठरवावी, मग मागे आलापावर जावं. पहिली पाच मिनिटं आलाप लहान वाटेल, नंतर कान बसतो. ओपन-बॅक घालून खोलीतल्या माणसाचं साधं बोलणं कळत असेल तर पातळी ठीक आहे असं समजायला हरकत नाही.

देखभालीचं थोडक्यात. मखमली गाद्या पावसाळ्याआधी आणि नंतर काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवाव्यात, पूर्ण एक दिवस सावलीत वाळवाव्यात. रेक्झिनच्या गाद्या पुण्याच्या दमट जुलै-ऑगस्टमध्ये सोलतात, त्याला इलाज नाही, बदलायच्या. रोज ऐकणाऱ्याची गादी दीड-दोन वर्षांत चेपते, कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि आवाज कोंदटतो. लोकांना वाटतं हेडफोन बिघडला. खर्जात अचानक 'झर्र' असा आवाज येऊ लागला तरी ड्रायव्हर फाटला असं लगेच समजू नये. बहुतेक वेळा जाळीतून किंवा फोममधून गेलेला एक केस पडद्याला टेकलेला असतो. २० ते २०० हर्ट्झचा चढता स्वर वाजवून कोणत्या बाजूला झर्र होतं ते बघा, गादी आणि आतला फोमचा चकता काढा, चिमट्याने केस उचला. व्हॅक्यूम किंवा हवेचा फवारा मारू नका, पडदा आत ओढला जातो किंवा फाटतो. ऐकून झालं की सुती कापड टाकून ठेवा, जाळी म्हणजे धुळीला उघडं दार.

दुकानात तुलना करताना दोन्ही हेडफोनचा आवाज सारखा करून घ्या, नाहीतर जो एका डेसिबलने मोठा वाजतो तोच 'चांगला' वाटतो. दुकानदाराचं गाणं नको. आपल्या फोनमध्ये तीन गोष्टी न्या: तंबोऱ्यासह विलंबित, एक मोनो नाट्यपद, आणि ज्यात डग्गा खुला वाजला आहे असा एकल तबला. प्रत्येकाला दोन मिनिटं नाही, वीस मिनिटं द्या. तिखट ट्रेबल पहिल्या दोन मिनिटांत 'स्पष्ट' वाटतं आणि पंधराव्या मिनिटाला डोकं धरतं.

आता मुख्य विनंती. आपल्या पुरवणीत यापुढे तुलना छापताना ताऱ्यांच्या जागी चार रकाने द्यावेत: पाठ उघडी की बंद, ओहम आणि संवेदनशीलता, तंबोरा व खुला डग्गा लावून ऐकल्यावरचं एक वाक्य, आणि गाद्या व केबल सुट्या मिळतात का. पुण्यातल्या विक्रेत्यांनाही आपल्यामार्फत विचारावंसं वाटतं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तपकीर गल्लीपासून मॉलपर्यंत हेडफोनचे खोके भिंतभर रचलेले दिसतात, पण ऐकून पाहायला शांत खोली आणि गाद्यांचा एक सुटा जोड मागितला तर बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो. ज्यांच्याकडे या दोन्ही गोष्टी आहेत, अशा दुकानांची यादी आपण छापलीत तर ती कात्रण करून ठेवणारे वाचक या शहरात पुष्कळ आहेत.

आपले,
काही नियमित वाचक आणि श्रोते,
सदाशिव पेठ, पुणे ३०